मी ज्याला डबकं म्हणालो

मुळा धरणाला मी डबकं म्हणालो, ही गोष्ट खरी आहे. एकदाच म्हणालो, तेही जेवणाच्या पंगतीत, पण राहुरी तालुक्याला ते अजून पचलेलं नाही. जिथला ऊस, कांदा, कारखाना आणि कृषी विद्यापीठातली प्रयोगाची रोपंसुद्धा त्या धरणाच्या पाण्यावर उभी आहेत, तिथं जेवायला बसून असं म्हणायला एका विशिष्ट दर्जाचा माणूस लागतो. तो मी. आमचं मूळ अलिबागकडचं. तीन पिढ्या पुण्यात गेल्या, समुद्र वर्षातून एकदा पाहतो, त्यातही चहाच्या टपरीकडे तोंड करून. पण मासळीचा विषय निघाला की माझ्या अंगात सगळं घराणं येतं.

प्रसंग असा झाला. माझी मुलगी मुग्धा राहुरीकडच्या घरात दिली. लग्नानंतर व्याह्यांनी मला पहिल्यांदा जेवायला बोलावलं. व्याह्यांना सगळं गाव आण्णा म्हणतं. पाच एकर ऊस, थोडा कांदा, दोन म्हशी आणि बोलणं अगदी बेताचं. त्या दिवशी ते पहाटे उठून स्वतः धरणावर गेले, गळाला मासे धरून आणले आणि सगळ्यात मोठी तुकडी माझ्या ताटात वाढली. मी ती बोटांनी चिवडली, ताट पुढे सरकवलं आणि म्हणालो, की आम्ही समुद्राचे मासे खाणारी माणसं, डबक्यातला मासा आमच्या घशाखाली उतरत नाही. आण्णा उठले, माझं ताट स्वतः उचलून मोरीकडे घेऊन गेले, आणि त्यानंतर दीड वर्ष त्यांनी पुण्याचं तोंड पाहिलं नाही. डोहाळजेवणाला विहीणबाई एकट्या आल्या. आण्णांना कांदा काढायचा होता म्हणे. त्या महिन्यात कांदा जमिनीत नसतो, एवढं मलाही कळतं.

मग नातू झाला. पहिलं बाळंतपण म्हणून मुग्धा माझ्याकडे होती, आणि मुग्धाची आई आता नसल्यामुळे माझी धाकटी बहीण सगळं करायला येऊन राहिली होती. सव्वा महिना होत आला, बारशाची बोलणी सुरू झाली, तेव्हा मुग्धानं बाळाला दुपट्यात गुंडाळता गुंडाळता सांगितलं, की आण्णा आल्याशिवाय बारसं होणार नाही. मी म्हटलं, फोन करतो. ती म्हणाली, "फोन नाही. जाऊन बोलवा. आणि बाबा, ताटात वाढलेलं संपवून या."

थोडक्यात, नातवाचं नाव माझ्या जिभेपायी अडकलं होतं. म्हणून मी निघालो.

शनिवार, सुप्यात थोडा वेळ

तयारी मात्र मी चांगली केली होती. आण्णांना रविवारी गळ टाकून बसायची हौस आहे हे ठाऊक होतं, म्हणून त्यांच्या शेजारी बसून मासे धरायचे आणि बोलता बोलता विषय काढायचा, असा माझा बेत होता. चार तुकड्यांची, एकात एक बसणारी काळी कुळकुळीत काठी मागवली. सोबत एक डबी आली, तिच्यात सहा रंगांचे पाण्यावर तरंगणारे तुकडे. इंग्रजीत त्यांना फ्लोट म्हणतात, आणि त्यातल्या एकात चक्क दिवा लागत होता. पंधरा दिवस मी मोबाईलवर एका गोऱ्या माणसाचे व्हिडिओ पाहिले. तो तळ्याकाठी बसून इतक्या हळू आवाजात बोलायचा, की मला वाटे कुणाच्या तरी दहाव्याला आलाय. त्याचं सार एवढंच, की फ्लोट बुडाला की ओढा. एवढं तर कुणालाही जमेल, असं मी बहिणीला ऐकवलं.

सचिन, म्हणजे माझा जावई, सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात आहे. शिफ्ट सुटल्यावर तो मला रस्त्याच्या कडेच्या हॉटेलात भेटला. माझ्या पाठीवरची लांबडी पिशवी पाहून तो आधी दचकला आणि मग ती बंदूक नाही याची त्यानं खात्री करून घेतली. चहा पिताना त्यानं मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, तो शब्द पुन्हा काढू नका. दुसरी, आण्णांना कौतुक आवडत नाही, तेव्हा मासा कसा झालाय यावर भाषण करू नका, फक्त खा. सासऱ्याला खायचं कसं हे जावयानं शिकवावं, असे दिवस आले होते. मी मान डोलावली आणि दुसरा चहा मागवला.

शनिवार दुपार, धरणाचं गाव

एसटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, आतली माणसं मात्र अजून नगरचंच तिकीट मागतात आणि कंडक्टर देतोही. नगरहून राहुरी, आणि राहुरीहून धरणाच्या अंगाला जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. चालकानं विचारलं, कुणाकडं जायचं. मी आण्णांचं नाव सांगितलं. त्यानं आरशातून मला एकदा नीट पाहून घेतलं.

"म्हंजी तुमी ते डबकंवाले पाव्हनं का?"

विचारणं अतिशय अदबीचं होतं. त्यात टोमणा नव्हता. एखाद्याला तुम्ही जिल्हा परिषदेतले ना, असं विचारावं तसं. मागच्या बाकावरच्या दोन बायांनी पदर सावरून मला बघायला माना पुढे काढल्या. चालकानं पुढच्या सीटवरची कांद्याची गोणी मागे टाकून मला तिथं बसवलं. पस्तीस वर्षं विम्याच्या कचेरीत नोकरी केली, पण कुणी नावानं ओळखून पुढची सीट दिल्याचं आठवत नाही. गावाचं नाव मी इथं देत नाही, कारण गावानं माझं नाव ठेवलंय तेवढं पुरे आहे.

आण्णा ओट्यावर बसून काहीतरी तासत होते. मला पाहून म्हणाले, आलात, बसा. पाणी आलं, चहा आला. विहीणबाईंना घरात आक्का म्हणतात; त्यांनी बाळाचं वजन, झोप, जावळ, सगळं खोदून खोदून विचारलं आणि मी आणलेले पेढे देवापुढे ठेवले. आण्णांनी एवढंच विचारलं, की पोरगी बरी आहे का. मी म्हटलं, बरी आहे, तुमची वाट बघतेय. ते तासत राहिले.

ते काय तासतायत ते मग पाहिलं. जोंधळ्याच्या वाळलेल्या धाटाची साल काढली की आत मऊ, पांढरं, हलकं भेंड असतं. त्याचे करंगळीएवढे तुकडे करून, मधून सुईनं दोरा ओवून, टोकाला ते लाल रंग लावत होते. हाच त्यांचा फ्लोट. लाल रंग बाटलीतून येत होता, आणि ती बाटली मुग्धाच्या नखांना लावायच्या रंगाची होती. तिनं जाताना उरलेली ठेवून दिली होती म्हणे, खास ह्याच कामासाठी. माझ्या मुलीनं आणि तिच्या सासऱ्यानं मिळून नखांचा रंग माशांना दाखवायचं ठरवलं आणि मला कुणी काही बोललं नाही, याचं मला जरा वाईटच वाटलं.

मीही माझी पिशवी उघडली. काठी जोडली, डबीतले सहा फ्लोट ओट्यावर ओळीनं मांडले, दिव्याचा पेटवून दाखवला. आण्णांनी एकेक हातात घेऊन, उलटसुलट करून पाहिला आणि जागच्या जागी ठेवला.

"ह्यातला माशाला कोनता दिसतो?" त्यांनी विचारलं.

मी डबीवरचं इंग्रजी वाचून पाहिलं. व्हिडिओतल्या माणसानं यावर काही सांगितलं नव्हतं.

शनिवार म्हणून त्या घरात मासे वर्ज्य. सोमवार वर्ज्य, गुरुवार वर्ज्य, एकादशी-चतुर्थी वेगळ्या. आमच्याकडे वार पाळतात ते बाजारात मासळी महाग असेल त्या दिवशी. शिवाय आक्का गेली वीस वर्षं माळकरी आहेत, गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्या चुलीवर मासा चढत नाही, त्यांच्या भांड्याला त्याचा वाससुद्धा लागत नाही. मासळीचं पातेलं मागच्या अंगणात लिंबाच्या फांदीला टांगलेलं असतं. ते घराचं असूनही घरात येत नाही. रांधायचं ते पुरुषांनी, बाहेर, तीन दगडांवर. संध्याकाळी आक्कांनी पिठलं-भाकरी वाढली आणि मी तीन वेळा बारशाचा विषय काढला. पहिल्यांदा आण्णांनी उसातल्या बिबट्याचं सांगितलं. दुसऱ्यांदा कांद्यावरच्या करप्याचं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, उद्या पान्यावर जाऊ, मग बघू. झोपताना मी मुग्धाला कळवलं, की बोलणी चालू आहेत.

रविवार, पाण्यावर

सकाळी आक्का परातीत कणीक मळत होत्या. त्यात हळद, थोडं तूप आणि चिमूटभर हिंग. मला वाटलं पुऱ्या. मळून झाल्यावर त्यांनी तो गोळा ओल्या फडक्यात बांधून आण्णांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, न्याहारीला असू द्या. आण्णाही हो म्हणाले, न्याहारीला बरी. ती कणीक माशांसाठी आहे हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं, ते आमच्या मागोमाग बांधापर्यंत आलं. पण माळकरी बाईनं मासे धरायला मदत केली असं कुणाला म्हणता येऊ नये, म्हणून वीस वर्षं दर रविवारी आण्णा कच्च्या कणकेची न्याहारी नेतात. जाताना आक्कांनी मागून विचारलंच, गेल्या वेळेला सैल झाली होती, ही बरी आहे का.

आण्णांचं वाहन म्हणजे थर्माकोलचे चार मोठे ठोकळे, जाळ्यात आवळून बांधलेले, वर एक फळी. त्यावर बसायचं आणि दुसऱ्या फळीनं वल्हवायचं. मी बूट घातले होते. आण्णा म्हणाले काढा, मी म्हटलं राहू द्या. बसताना एक पाय पाण्यात गेलाच, मग दुसराही कशाला कोरडा ठेवायचा म्हणून दोन्ही काढले. टोपी वाऱ्यानं नेली. ती बराच वेळ आमच्याबरोबर तरंगत होती आणि आण्णांच्या चेहऱ्यावरून वाटलं, की माझ्या सामानात नीट तरंगणारी वस्तू तेवढीच आहे.

आत गेल्यावर मात्र मी मान वर केली. काठावरून हे पाणी मोठं दिसतं, आतून त्याला शेवटच दिसत नाही. एका अंगाला टेकड्या, दुसऱ्या अंगाला हिरवा पट्टा, आणि मधे वाऱ्यानं शहारणारं पाणी. मी कशाला काय म्हणालो होतो ते माझ्या डोळ्यांपुढे पसरलं होतं, आणि मी त्याच्यावर दोन हाताच्या फळीवर, अनवाणी बसलो होतो.

गळ टाकले. मी व्हिडिओतल्या माणसाप्रमाणे फ्लोट दीड हातावर बांधला आणि त्याच्याकडे टक लावून बसलो. आण्णांची काठी साधी कळकाची, तिला तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, तंगुसाला ते भेंड, खाली शिशाचा मणी आणि गळ. आल्या आल्या त्यांनी दोन मासे काढले. मग अजून दोन. चंदेरी, चपटे, उन्हात आरशासारखे चमकणारे. त्यांच्या जाती वेगवेगळ्या असतील, आण्णा सगळ्यांना नुसतं 'पांढरं' म्हणतात. माझा फ्लोट जागचा हलला नाही. मी रंग बदलला. मग दिव्याचा लावला, भर उन्हात. दोन तास असे गेले. कचेरीत मी न सुटणाऱ्या फायलींकडे असंच बघत बसायचो, पण तिथं निदान पंखा होता.

शेवटी मी विचारलं, की खोली किती ठेवू. दोन दिवसांत मी बोललेलं ते पहिलं शहाणपणाचं वाक्य असावं, कारण आण्णांनी काठी खाली ठेवली. त्यांनी काठावरच्या एका वडाकडे पाहिलं, मग मान वळवून लांबच्या देवळाच्या कळसाकडे, आणि थर्माकोल दोन फळ्या मागे घेतलं.

"हितं दोन वाव," ते म्हणाले. दोन्ही हात फाकले की एक वाव. "खाली आमचं खळं हाय. तळ टनक. मासं हितंच चरत्यात."

मी विचारलं, कसलं खळं.

मग ते बोलले. दीड वर्षात माझ्याशी एवढं कधी बोलले नव्हते, आणि बोलताना माझ्याकडे बघतही नव्हते, बोटांनी तंगुसाची गाठ सरकवत होते. धरणाचं पाणी आलं तेव्हा ते दुसरीत होते. वडिलांनी घराचे वासे उतरवले, चौकट काढली, बैलगाडीत घातली आणि वरच्या अंगाला नवं घर बांधलं. ज्या चौकटीतून मी काल वाकून आत गेलो ती तीच. खाली मळणीचं खळं राहिलं, बांध राहिला, विहीर राहिली. पाणी दर आठवड्याला उतरतं, तसे ते गाठ दोन बोटं, चार बोटं खाली-वर घेतात. कुठं किती खोल ते विचारायला त्यांना कुणाकडे जावं लागत नाही. खळ्यावर दोन वाव, बांधाच्या पलीकडं चार.

"आन तकडं घर हुतं." त्यांनी काठीनं पाण्यावरची एक जागा दाखवली. ती बाकी पाण्यासारखीच होती. "तितं मी गळ टाकत न्हाई."

त्यांनी डबक्याचा शब्दही काढला नाही. काढला असता, चार शिव्या हासडल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. मला इतकी लाज वाटली, की माफी मागायला आलेला माणूस मी माफी मागायचंच विसरलो.

त्यांनी त्यांची कळकाची काठी माझ्या हातात दिली. भेंडाचं लाल टोक पाण्यावर उभं राहिलं. थोड्या वेळानं ते थरथरलं, आणि मग हळूच आडवं पडलं. मी बुडायची वाट बघत बसलो, कारण गोऱ्या माणसानं तसं सांगितलं होतं. आण्णा शांतपणे म्हणाले, आडवं झालं म्हंजी त्यानं कनीक उचलली, वढा. मी ओढलं. काठी वाकली, हाताला असा हिसका बसला की मी उठून उभा राहिलो, आणि थर्माकोलवर उभं राहायचं नसतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आण्णांनी माझा सदरा मागून धरला. मासा वर आला, वीतभराहून मोठा, पांढरा शुभ्र. त्या गडबडीत माझ्या मांडीवरची ती चार तुकड्यांची काळी काठी, दिव्याच्या फ्लोटसकट, सुळकन पाण्यात गेली. दिवा खाली जाताना थोडा वेळ दिसला.

"ऱ्हाऊ द्या," आण्णा म्हणाले. "आमच्या खळ्यावर पडलाय. कुनी न्हेनार न्हाई."

आणि ते हसले. माझ्यासमोर ते पहिल्यांदाच हसले.

रविवार दुपार, तीन दगडांपाशी

लिंबावरचं पातेलं खाली आलं. मासळीतला दर्दी म्हणून मिरवणाऱ्या माणसानं आयुष्यात एकही मासा साफ केलेला नाही, हे आण्णांच्या लगेच लक्षात आलं, कारण मी सुरी उलटी धरली होती. त्यांनी शेपटीकडून डोक्याकडे खवले काढले, पोट चिरलं, चुलीतली राख चोळून बुळबुळीतपणा घालवला, तीन पाण्यांनी धुऊन हळद-मीठ लावलं. माझ्याकडे कांदा-खोबरं भाजायचं काम आलं.

आक्का मागच्या दाराच्या उंबऱ्यावर, आमच्याकडे पाठ करून, गहू निवडत बसल्या. मासा डोळ्यांनी बघायचा नाही, हा नेम. नाकाचा नेम मात्र ठरलेला नसावा. भिंतीकडे तोंड करून त्या म्हणाल्या, की कुणाचं तरी खोबरं करपाय लागलंय. मी तवा उतरवला. थोड्या वेळानं त्या गव्हाला उद्देशून म्हणाल्या, की काळं तिखट आत्ता घातलं तर बरं, मागनं घातलं की वर तरंगतं. आण्णांनी घातलं. मग मीठ, मग चिंचेचा कोळ, मग जाळ कमी. संपूर्ण कालवण त्या बाईनं एकदाही मागे न वळता शिजवलं, आणि तरीही माळेला बट्टा लागला नाही. आमच्याकडे लोक मागे वळून बघतात, चमच्यानं चाखतात, आणि तरी मीठ जास्त पडतं.

भाकरीची टोपली त्यांनी उंबऱ्याबाहेर हात लांबवून ठेवली, आण्णांनी उचलली. आम्ही दोघे पानावर बसलो. मी धरलेल्या माशाची मधली तुकडी माझ्या ताटात आली. आण्णांनी स्वतःची भाकरी मोडली नव्हती. ते थांबले होते.

मी घास घेतला. चव सुंदर होती, आणि हे मी जावयाच्या सूचनेमुळे बोललो नाही. दुसरा घास घेतला आणि अडकलो. ह्या पांढऱ्या माशाला केसासारखे, दुतोंडी काटे असतात, मांसात आडवेतिडवे रुतलेले. एक घशात उभा राहिला. मी खोकलो, डोळ्यांतून पाणी आलं, पाणी प्यायलो, तो हलेना. आण्णांनी कोरड्या भाकरीचा गोळा माझ्या तोंडात कोंबला. तोवर आक्का सगळा नेम विसरून उंबरा ओलांडून आल्या होत्या आणि माझ्या पाठीत धपाटे घालत होत्या. काटा खाली गेला. तेव्हा त्यांना आपण कुठं उभ्या आहोत ते दिसलं. पातेल्याकडे एकदा बघून त्या म्हणाल्या, रस्सा जरा आटवायला हवा हुता, आणि आंघोळीला निघून गेल्या.

मी ताटाकडे बघत बसलो. तुकडी तशीच होती. आण्णाही ताटाकडेच बघत होते, आणि त्यांच्या कपाळावर ती दीड वर्षापूर्वीची आठी आली. ताट आता पुन्हा पुढे सरकणार, असं त्यांना वाटलं असणार. म्हणून मग मी खरं ते सांगून टाकलं.

"आण्णा, मला काटे काढता येत नाहीत."

चौसष्ट वर्षांचा माणूस हे दुसऱ्या माणसाला सांगतो तेव्हा जमीन दुभंगेल तर बरं, असं वाटतं. पण सुरू केलं ते संपवलं. लहानपणी आई काढून द्यायची. मग मुग्धाची आई. ती ताटात नुसतं मऊ मांस सरकवायची, आणि मी वर तोंड करून समुद्राच्या मासळीवर भाषणं द्यायचो. तुमच्याकडे पहिल्यांदा जेवायला बसलो तेव्हा तिला जाऊन सहा महिने झाले होते. ताटात काट्यांचा मासा आला आणि मी सवयीनं शेजारी पाहिलं. शेजारी कुणी नव्हतं. मला काय करावं कळेना, रडू येईल असं वाटलं, म्हणून मी तो घाणेरडा शब्द बोललो. पाण्याचा त्यात काही दोष नव्हता.

आण्णांनी स्वतःचं ताट बाजूला सारलं. त्यांनी माझं ताट उचललं. मला वाटलं, झालं, गेलं मोरीत. पण त्यांनी ते स्वतःच्या पुढ्यात ठेवलं, तुकडी मोडली आणि त्या जाड, चिरा पडलेल्या बोटांनी एकेक काटा काढायला लागले. उजेडाकडे धरून बघायचे, काढायचे, बाजूला ठेवायचे. त्यांचं कालवण निवत होतं. मग ताट परत माझ्याकडे आलं, कडेला काट्यांची लहानशी रास आणि मधे पांढरं मांस. मी शेवटच्या कणापर्यंत खाल्लं. डोळ्यांतलं पाणी काळ्या तिखटाचं आहे असं आम्ही दोघांनीही धरून चाललो.

त्यांनी स्वतःची भाकरी मोडली आणि विचारलं, "बारसं कवा हाय?"

पुणे

बारसं झालं. नातवाला नाव मिळालं. आण्णा फेटा बांधून आले होते आणि पाळण्याच्या दोरीला हात लावून तीन तास एका जागी बसले होते. मुग्धासाठी त्यांनी नखांच्या रंगाची नवी बाटली आणली होती. जुनी संपली, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मंगळवार, म्हणजे चालतं. मी मुद्दाम बाजारातून पाला आणला. समुद्राकडचा हा मासा चवीला राजा आणि काट्यांना महाराजा. आमच्या घराण्याची सगळी ऐट ज्याच्यावर चालते तो. बहिणीनं तो आमच्या पद्धतीनं केला. पान वाढलं, आण्णा बसले, ताटाकडे पाहिलं, आणि शांतपणे ते माझ्याकडे सरकवलं.

"काडा आता."

मी चष्मा पुसून घातला. एक तुकडी निवडायला मला अर्धा तास लागला. मुग्धा बाळाला मांडीवर घेऊन बघत बसली होती, सचिनचं जेवण होऊन हात वाळले होते. माझी बोटं टोचून लाल झाली. शेवटी ताट आण्णांपुढे ठेवलं. ते सावकाश जेवले. मधेच दोनदा थांबले, तोंडातून एकेक काटा काढला, मला दिसणार नाही अशा बेतानं ताटाच्या कडेला, चटणीच्या मागे ठेवला, आणि पुढे खात राहिले.

जेवण झाल्यावर बहीण ताट उचलायला आली. मी तिला थांबवलं आणि आण्णांचं ताट मी स्वतः उचललं. त्या दोन काट्यांशिवाय त्यात काही उरलेलं नव्हतं.